पाण्यावरची रेघ

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा मागे पडले की तिगावचे छोटेसे स्थानक येते आणि तेथून चिचोंड्यापर्यंत गाडीला घाट चढावा लागतो. जड मालगाडीस मागून रेटा देण्यासाठी येथे जादा इंजिन लावतात, हे आमच्याकडील लहान मुलासही ठाऊक असते. चढ संपला की मुलताईचे पठार लागते. या पठारावर तापी उगम पावते आणि पश्चिमेकडे जाऊन सुरतेच्या पुढे सागरास मिळते. त्याच पठारावरून निघालेली वर्धा मात्र पूर्वसमुद्राची वाट धरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे जिचे नाव दूरवर गेले, ती पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. घाटावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक खंबायतच्या आखाताला जातो, तर दुसरा बंगालच्या उपसागराला. असे हे आमचे स्थान! समुद्र डोळ्यांनी पाहावयाचा तो मुंबईस नातलगांकडे गेल्यावर, नाहीतर रामेश्वर-जगन्नाथपुरीच्या यात्रेत. पण दोन्ही समुद्रांचा उंबरठा आमच्या संत्र्यांच्या बागांपाशी आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, समुद्राचे रक्षण हा विषय निघाला म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांना तो किनाऱ्यावरच्या लोकांचा वाटतो. राष्ट्रीय उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे वाघ येतो, सागाचे रान येते, उघडी जीपगाडी येते. पाणी येत नाही. आणि आले तरी ते वाघ पाणी पिण्यास येतो एवढ्यापुरतेच. वस्तुतः आपल्या देशात समुद्राचे मोठमोठे तुकडे राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये म्हणून घोषित झाले आहेत. जामनगरच्या किनाऱ्यालगत कच्छच्या आखातातील क्षेत्र १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान ते हेच. बडोद्याच्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी पिरोटन बेट पाहिले असेल. अंदमानात वंडूर येथे १९८३ साली आणि तमिळनाडूत मन्नारच्या आखातात १९८६ साली अशीच उद्याने झाली. मन्नारचे उद्यान तंजावरच्या मराठी कुटुंबांना परके नाही. रामेश्वरच्या वाटेवर त्याची बेटे दुरून दिसतात. महाराष्ट्राच्या वाट्याला असे एकच क्षेत्र आले, ते मालवणचे सागरी अभयारण्य. ते १९८७ साली घोषित झाले.

मालवणकडे आम्ही वळणारच आहो. परंतु त्याआधी घराजवळचे एक पाणी पाहणे इष्ट वाटते. कारण मालवणला जे घडले त्याचा अर्थ आम्हांस खरा उमगला तो या पाण्यामुळे.

हे पाणी पेंच नदीचे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यातच मोडत. त्या छिंदवाड्याच्या आणि शिवनीच्या सीमेवरून पेंच वाहते व पुढे कामठीजवळ कन्हानला मिळते, म्हणजे आमच्या जामचीच ती बहीण. मध्य प्रदेश शासनाने १९८३ साली तिच्या काठचे सुमारे २९३ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा जाहीर केला. महाराष्ट्राने आपल्या बाजूचे उद्यान त्यापूर्वीच, १९७५ साली, केले होते. याच सुमारास दोन्ही राज्यांच्या भागीदारीने नदीवर तोतलाडोहचे धरण उभे राहत होते. ते पुरे झाले आणि उद्यानाच्या ऐन मध्यावर एक विस्तीर्ण जलाशय पसरला. त्याचा मोठा हिस्सा मध्य प्रदेशात आणि उरलेला महाराष्ट्रात. रानाचे संरक्षण करावयास निघालेल्या शासनाच्या पदरात अशा रीतीने अचानक एक समुद्रच पडला म्हणा ना!

पाणी आले तसे मासे आले. माशांमागे मगरी आल्या, हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरू लागले आणि कोळीही आले. हे कोळी कोण होते? पूर्वी या रानातच राहणारे आणि उद्यानासाठी बाहेर पडावे लागलेले आदिवासी. त्यांचे म्हणणे सरळ होते. नदी होती तेव्हा आम्ही तिच्यात मासे धरीत होतो. नदीचे तळे झाले म्हणून आमचा हक्क बुडाला काय? १९९६ साली मध्य प्रदेश शासनाने अशा ३०५ कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध वन्यजीवांचा कैवार घेणारी एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. जाळ्यांमुळे मगरी, कासवे आणि पाणपक्षी यांच्यावर संकट येईल, काठावर विस्तव पेटतील, लाकूडतोड होईल आणि माशांच्या निमित्ताने शिकारी आत शिरतील, अशी संस्थेची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय उद्यानात रात्रीबेरात्री नावा फिरू लागल्या म्हणजे पहारेकऱ्याने पाहावे तरी काय?

५ मार्च १९९७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. तो निकाल आम्हांस पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. वाघांच्या वनाचे रक्षण झाले पाहिजे, परंतु तेथे पूर्वी राहणाऱ्यांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. म्हणून अटी घालण्यात आल्या. प्रत्येक परवानाधारकास छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे, ठरलेल्या वाटेनेच ये-जा व्हावी, काठावर विस्तव पेटवू नये, न कुजणारा कचरा पाण्यात टाकू नये, रोज किती मासळी निघाली त्याची नोंद व्हावी. आणि याहून महत्त्वाची गोष्ट न्यायालयाने शासनाच्या पदरात घातली. १९८३ साली इरादा जाहीर केला, पण चौदा वर्षे होऊनही उद्यानाची अंतिम अधिसूचना काढलेली नव्हती. ती कार्यवाही त्वरेने पुरी करावी, असे न्यायालयाने बजावले.

येथे कायद्याची थोडी उकल करणे प्राप्त आहे. वाचकांनी कंटाळू नये. गाठ याच जागी बसलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उद्यानाची पद्धत अशी घालून दिली आहे की, आधी इरादा जाहीर करावा, मग जिल्हाधिकाऱ्याने त्या हद्दीत कोणाचा कोणता हक्क आहे याची चौकशी करावी, दावे ऐकावेत, योग्य तो मोबदला द्यावा आणि शेवटी अंतिम घोषणा करावी. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात; राष्ट्रीय उद्यानात तसे करता येत नाही. तेथे सारे हक्क निकालात निघाल्यावरच उद्यान पुरे होते. शेतजमिनीच्या बाबतीत ही रीत ठीक चालते. आमच्याकडे खसरा असतो, महाराष्ट्रात सातबारा असतो, कागद दाखविला की हक्क सिद्ध होतो. पण पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? आजोबा ज्या डोहात जाळे टाकीत तो डोह नातवाचा आहे, हे गावाला ठाऊक असते, तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्याची ओळ सापडत नाही. त्यामुळे रानाच्या चौकशीत पाण्यावरचे हक्क हटकून मागे राहतात आणि मागाहून तंटा होऊन वर येतात. पेंचला नेमके हेच झाले. त्यानंतरच्या वर्षांत तोतलाडोहातील चोरटी मासेमारी आणि वनरक्षकांशी झालेल्या झटापटी यांच्या बातम्या नागपूरच्या वृत्तपत्रांत वारंवार वाचावयास मिळाल्या. चौकशी वेळेवर आणि मनापासून झाली असती तर यातले किती टळले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

(जाता जाता एक गोष्ट. याच पेंचवर वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात माचागोऱ्याचे धरण झाले, तेव्हापासून तोतलाडोहात किती पाणी उतरावयाचे हा दोन राज्यांत आणि नागपूरच्या नळांपर्यंत पोहोचणारा प्रश्न झाला आहे. उद्यानाची हद्द कितीही काटेकोर आखली तरी पाणी हद्दीबाहेरूनच येते. वाघाला कुंपण घालता येईल, नदीला नाही.)

आता मालवण. येथे पाण्याचे स्वरूपच निराळे. किनाऱ्यावरून पाहिले तर समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ सालच्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि तो तीन वर्षांत पुरा झाला, हे शाळेतल्या पाठांतून आपण सर्वांनी वाचलेले आहे. पण ज्या खडकांमुळे ही जागा शत्रूच्या गलबतांना अवघड आणि म्हणून किल्ल्यास सोयीची ठरली, ते खडक पाण्याखाली किती दूरवर पसरले आहेत आणि त्यांवर काय नांदते आहे, हे फार थोड्यांना माहीत होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. ए. एच. परुळेकर यांनी १९८१ साली मालवणच्या सागरी जीवसृष्टीची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. प्रवाळ, नाना प्रकारचे शेवाळ, शिंपले, खेकडे, मासे यांची एवढी दाटी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतरत्र क्वचितच आढळते.

प्रवाळाविषयी दोन शब्द लिहावयास हवेत. कारण आपल्या घरांत प्रवाळ म्हणजे अंगठीतले पोवळे एवढीच ओळख असते. अंगठीतले तांबडे पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे असते. मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ म्हणजे लाखो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. हे प्राणी स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसते. भाडेकरू आणि घरमालक यांचा असा सलोखा आपल्या शहरांत कोठे पाहावयास मिळत नाही! पण समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की हा सलोखा मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरेफटक पडते आणि उष्मा टिकला तर मरते. २०१५ च्या अखेरीस मालवणच्या प्रवाळावर असा पांढरेपणा आल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. ज्या कपारींत माशांची पिल्ले लपतात, वाढतात, त्या कपारी हेच प्रवाळ आणि शेवाळ निर्माण करतात. म्हणून प्रवाळ गेले तर नुसती शोभा जात नाही. काही वर्षांनी जाळ्यातली मासळीही जाते.

हे ध्यानात घेऊन १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभ्याचे आणि बाकीचे भोवतालचे. गाभ्यात सिंधुदुर्ग आला, पद्मगड आला, आसपासचे पाण्यात बुडालेले खडक आले. कच्छच्या किंवा मन्नारच्या उद्यानापुढे हे क्षेत्र म्हणजे अंगणच. पण अंगण होते ते वस्तीचे. मालवण बंदर हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. समोरच्या वाळूवर रापणी लागत होत्या, होड्या सुटत होत्या. ज्यांच्या चुली या पाण्यावर चालत होत्या त्यांना अभयारण्य म्हणजे काय, त्यात आपले काय राहील, काय जाईल, हे नीट समजावून सांगितले गेले नाही. विरोध उभा राहिला आणि तो आजतागायत पुरता शमलेला नाही.

रापण म्हणजे काय हे न पाहिलेल्यांसाठी सांगतो. होडीतून एक लांबलचक जाळे अर्धवर्तुळात पाण्यात सोडतात. त्याची दोन्ही टोके दोरांनी किनाऱ्यावर असतात. मग दोन्ही बाजूंना माणसे लागतात आणि लयीत दोर ओढू लागतात. जाळे हळूहळू वाळूवर येते. जी मासळी मिळेल तिचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा. बांगडा, तारली, कधी नशिबाने सुरमई. वाऱ्याचा, भरती-ओहोटीचा आणि पाण्याच्या रंगाचा अंदाज घेऊनच रापण लागते. मासा किनाऱ्याशी आपण होऊन आला तरच ती भरते. समुद्राचा पाठलाग करणे तिच्या स्वभावातच नाही. मासळी उपसण्याच्या जेवढ्या रीती माणसाने काढल्या त्यांत याहून सौम्य रीत शोधणे कठीण.

आणि येथेच या कथेतली विलक्षण विसंगती आहे. या रापणकरांनी आणि छोट्या होडीवाल्यांनी गेली कित्येक दशके शासनाकडे एक मागणी लावून धरली आहे. यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या नौका किनाऱ्यालगतच्या पाण्यातून हटवा, अशी ती मागणी आहे. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून काढतो. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून बटव्यासारखे आवळून घेते. रात्री झगझगीत विजेचे दिवे लावून मासे गोळा करण्याची रीत आली तेव्हा तर कहर झाला. या तंट्यात भर समुद्रात चकमकी झाल्या, नौका अडविल्या गेल्या, खटले झाले. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा होताच, त्यानंतर डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास केला आणि तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले. २०२१ साली कायद्यातील दंड वाढविण्यात आले.

म्हणजे पाहा, अभयारण्य नको म्हणणारा माणूसच पाण्याचे रक्षण करा म्हणून मोर्चे काढीत होता. किनाऱ्याजवळचा पट्टा राखून ठेवा, माशाला विणीस अवसर द्या, बारीक आसाची जाळी बंद करा, हीच त्याची मागणी. आणि अभयारण्य ज्याच्यासाठी करावयाचे तेही हेच! तरीही दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. शास्त्रज्ञांना किंवा कोळ्यांना यात बोल लावण्यात अर्थ नाही. क्रम चुकला. आधी रेघ ओढली आणि मग माणसांना विचारण्याचे राहिले. पाण्याची राखण ज्याने सर्वांत निष्ठेने केली असती, त्यालाच त्या क्रमाने पाण्याच्या राखणदाराचा विरोधक करून ठेवले, हे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा करणाऱ्यांनाही पुढे हे जाणवले असावे. १९७२ चा मूळ कायदा रानासाठी लिहिलेला होता; त्याला समुद्र दिसू लागला तो १९९१ च्या दुरुस्तीत. आता प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा तर केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते, हद्द ठरविताना नौदलाच्या मुख्य जलालेखकाचा सल्ला घ्यावा लागतो आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याचे पुरेसे उपाय आधी योजावे लागतात. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. नौकांचा निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्कही अबाधित ठेवण्यात आला. परंतु मालवणची अधिसूचना निघाली ती या दुरुस्तीच्या चार वर्षे आधी. नव्या सासुरवाशिणीसाठी नियम सुधारले म्हणून जुनीने सोसलेले भरून येत नाही, तशातली गत.

दरम्यान अभयारण्याच्या पाण्यात एक तिसराच पक्ष शिरला. तो पर्यटकांचा. तारकर्लीची वाळू, किल्ल्याची फेरी आणि पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ पाहण्याची हौस यांमुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत मालवणचा चेहराच बदलला. यात कोळ्यांच्या मुलांना रोजगार मिळाला, हे मोठे हित. २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प चालला, त्याने पाण्याखालील पर्यटनाचे प्रशिक्षण, खेकडेपालन, चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार, खाडीतल्या कांदळवनांची बायकांच्या बचत गटांनी चालविलेली सफर, असे उद्योग सुरू करून दिले. अभयारण्याच्या नावाने काही हातात पडू शकते, हे किनाऱ्याने प्रथमच पाहिले. पण होडीचा नांगर प्रवाळावरच पडतो, हौशी पाय त्याच्यावरच टेकतात आणि मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकले जातात. ज्या गाभ्यातून रापणकराला बाहेर काढण्याची भाषा झाली, तेथे पाहुण्यांची अशी वर्दळ पाहून त्याला काय वाटत असेल?

क्रम साधला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत आणि ती दूरची नाहीत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर बहिरी मासा, ज्याला इंग्रज देवमासा-शार्क म्हणतात तो अवाढव्य पण निरुपद्रवी जीव, तेलासाठी व मांसासाठी सर्रास मारला जात असे. २००१ साली त्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. नुसत्या कायद्याने काय झाले असते कोण जाणे! पण २००४ पासून मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. गुजरातच्या कोळ्यांच्या मनाला ते पटले. शासनानेही एक शहाणपणाची गोष्ट केली. मासा सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले तर त्याची भरपाई देऊ केली. जाळे कापणे म्हणजे कोळ्याने स्वतःची गाय सोडून देणे होय. त्याची किंमत कोणी मोजली पाहिजे, एवढे तरी मान्य झाले. तेव्हापासून शेकडो मासे कोळ्यांनी स्वहस्ते सोडले आहेत. महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना सुरू केली. संरक्षित जीव सोडताना जाळ्याचे नुकसान झाल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

दुसरे उदाहरण मन्नारच्या आखाताचे. तेथील बायका पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतीच्या पाण्यात बुड्या मारून समुद्रशेवाळ गोळा करीत आल्या आहेत. डोळ्यांवर साधा चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, एवढीच त्यांची सामग्री. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर बेटांवर जाणे गुन्हा ठरला आणि वनखात्याशी रोजचा झगडा सुरू झाला. या बायकांनी आपली संघटना केली आणि महिन्यातील मोजकेच दिवस पाण्यात उतरावयाचे, शेवाळ मुळासकट उपटावयाचे नाही, असे नियम स्वतःच स्वतःवर घालून घेतले. त्यांच्यातील एकीला २०१५ साली सीकॉलॉजी या संस्थेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कायद्याने त्यांचा हक्क अजूनही पुरता मान्य केलेला नाही, हे खरे; पण स्वतः घातलेला नियम माणूस मोडीत नाही, निदान सहजी मोडीत नाही, एवढे त्यांनी दाखवून दिले.

दूरदेशीचे म्हणाल तर ऑस्ट्रेलियाने आपल्या महाप्रवाळभित्तीसाठी १९७५ सालीच स्वतंत्र कायदा केला. तेथे साऱ्या क्षेत्राला एकच नियम नाही. नकाशावर वेगवेगळे रंग आहेत. कोठे काहीच धरावयाचे नाही, कोठे गळ चालेल पण जाळे नाही, कोठे दोन्ही चालते. २००४ साली संपूर्ण बंदीचा भाग वीस हिश्शांतील एकावरून जवळजवळ एकतृतीयांशावर नेला, तेव्हा मच्छीमारांस भरपाई देण्यासाठी शासनाने तिजोरीचे तोंड बरेच सैल सोडले. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून ती सोडून देता येईल. पण रंगांच्या नकाशाला पैसे लागत नाहीत. पेंचच्या निकालात न्यायालयाने घातलेल्या अटी, ठरलेली वाट, ओळखपत्र, रोजची नोंद, त्या दुसरे काय होत्या?

शेवटी एका जागेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया म्हणतात. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५; माथ्यावर प्रवाळाची अशी बाग की तिच्यापुढे मालवणचे खडक म्हणजे परसातली फुलझाडे. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांची मोठी मोहीम तेथे जाऊन आली. वन्यजीव कायद्याने अभयारण्य करता येते ते प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, जेमतेम २२ किलोमीटरच्या आत. आंग्रिया त्याच्या पुष्कळ पलीकडे. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचा आधार घेऊन त्याला संरक्षण द्यावे, अशी सूचना पुढे आली. रापणीचा दोर तेथवर पोहोचत नाही. तेथे जातात त्या मोठ्या यांत्रिक नौका, एकाहून अधिक राज्यांच्या. तेव्हा हक्कांची चौकशी आधी करावयाची तर ती रत्नागिरीच्या बंदरावर बसून करावयाची, मालवणच्या, की गोव्याच्या, हा पहिला प्रश्न येणार आहे.